चालू गाडीची तार

गाडी चालू ठेवायची, बाजूचं झाकण काढायचं, पान्याने बॅटरीचा बोल्ट ढिला करायचा आणि तार दोन बोटांत धरून एका झटक्यात उचलायची. बारीक ठिणगी उडायची. तार हातात आली की मिस्त्री ना बॅटरीकडे पाहत, ना गाडीकडे. ते गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहत आणि डाव्या अंगठ्याने हॉर्न दाबत.

बॅटरीची तार सुटलेली असताना हॉर्न वाजला, तर इंजिन वीज बनवतंय. नाही वाजला, तर गाडी आतापर्यंत बॅटरीच्या जिवावर चालत होती आणि आज ना उद्या रस्त्यात बसणार. परीक्षा एवढीच. पण तार उचलणं आणि हॉर्न दाबणं यांच्यामधे मिस्त्री उगाच थोडा वेळ घ्यायचे, आणि तेवढ्यात दुकानापुढे उभे असलेले सगळे गप्प होत. मी कितीदा तरी तिथे श्वास रोखून उभा राहिलोय, आणि बहुतेक वेळा गाडी माझी नसायचीच.

"थांबा न भाऊ, दाखवतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सांगतो असं ते म्हणत नसत. सांगण्यावर त्यांचा विश्वास नव्हता, दाखवण्यावर होता.

दुकान म्हणजे मध्य प्रदेशातल्या बालाघाटहून बैहरच्या रस्त्याला लागताना पेट्रोल पंपाच्या अलीकडे एक टिनाचं शेड. मी औषधांच्या कंपनीचा माणूस. एक दिवस लांजी, एक दिवस वारासिवनी, आठवड्यातून एकदा बैहर आणि मलाजखंड. डॉक्टरांच्या दाराबाहेर बसून बसून माणसं न्याहाळण्याची वाईट सवय लागते, ती मला लागली आहे. मिस्त्रींची ओळखही अशा एका बसण्यातूनच झाली. माझी गाडी सारखी बॅटरी खात होती. तिघांनी मला नवीन बॅटरी घ्यायला लावली होती, चौथे हे. यांनी तार उचलली, माझ्या तोंडाकडे पाहिलं, हॉर्न दाबला. हॉर्न मुका.

"बॅटरी बदलून देनारे कोन व्हते ते?"

मी नावं सांगायला लागलो.

"नावं नोका सांगू. पहिले त्यायच्या डोक्याचं चार्जिंग पाहा."

मग गाडीच्या पोटाखाली हात घालून त्यांनी चेनजवळ घासून उघडी पडलेली एक तार काढली. इंजिनातली वीज रोज तिथेच लोखंडात जिरत होती. हे त्यांनी मला इतक्या तुच्छतेने दाखवलं की जणू मीच ती घासली होती. मला राग आला आणि दुसऱ्या आठवड्यात मी चहा प्यायला पुन्हा तिथेच जाऊन बसलो. अशी माणसं भेटतात ना तुम्हालाही? अपमान करतात आणि आपण पुन्हा जातो.

मिस्त्रींना गरीब स्वभावाचे म्हणावं तर ते स्वतःच भांडायला आले असते. "सीधे नयी बैटरी डाल दो" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला त्यांनी गाडीसकट हाकललेलं मी पाहिलंय. समोरच्या बॅटरीवाल्याशी त्यांची बोलचाल बंद होती, पण त्याच्या दुकानात कोण शिरतंय यावर यांची नजर असे. "गेला," असं म्हणून ते मान हलवत, मयताला निघालेल्या माणसाकडे पाहावं तसं. कपडे मात्र नेहमी स्वच्छ. ग्रीसमधे काम करणाऱ्या माणसाच्या शर्टाची कॉलर इतकी पांढरी कशी राहते, हे मला कधीच कळलं नाही. विचारलं तर म्हणाले, "हात खराब व्हतेत भाऊ, मान काहून खराब व्हईन?"

या सगळ्या तोऱ्याखाली एक मुलगी होती. प्रणाली. बायको लवकर गेली, मुलीला यांनीच वाढवलं. ती नर्स झाली आणि घाटाच्या वर, उकवा गावाच्या अलीकडे आत असलेल्या एका उपकेंद्रावर तिची नेमणूक झाली. रोज जंगलातून जायचं, रोज यायचं. तिचा डबा मिस्त्रीच भरत. वांग्याची भाजी जमली नाही की दिवसभर गिऱ्हाइकांवर चिडचिड.

तिला स्कुटी हवी होती. यांनी मोटरसायकलच घ्यायला लावली. "स्कुटीचं चाक लहान. घाटात खड्ड्यात गेलं का गेली माय." चालवायला यांनीच शिकवलं, पोलीस मैदानात, पहाटे, तिच्यामागे धावत. पण नव्या गाड्यांवर त्यांचा मनातून राग. आता येणाऱ्या गाड्यांत पेट्रोल इंजिनापर्यंत ढकलायला एक छोटा पंप असतो आणि तो बॅटरीवर चालतो. बॅटरी मेली की पंप बंद, पंप बंद की गाडी बंद. धक्का मारून उपयोग नाही. त्यात प्रणालीच्या गाडीला किकसुद्धा नव्हती.

"किक नाही म्हंजे गाडी नाही, टीव्ही हाय तो," मिस्त्री म्हणत.

मधे एकदा सुटे भाग विकणाऱ्या एका कंपनीने गावातल्या सगळ्या मेकॅनिकांना हॉलमधे बोलावलं होतं. जेवण होतं, टोपी होती, आणि टाय लावलेला एक पोरगेला इंजिनिअर पडद्यावर चित्रं दाखवत होता. मिस्त्री परत आले ते टोपी पिशवीत घालून, आणि दुकानात त्या इंजिनिअरची नक्कल करून दाखवली. तो म्हणाला होता की नवीन गाड्यांमधे इंजिन चालू असताना बॅटरीची तार कधीही काढू नका, विजेचा झटका बसून आतला नाजूक भाग जळतो.

"म्हने तार नोका काढू. उद्या डॉक्टरले म्हनतीन नाडी नोका पाहू," मिस्त्री म्हणाले आणि आम्ही सगळे पोट धरून हसलो.

आता त्या दिवसावर येतो. म्हणजे दोन दिवसांवर, कारण सुरुवात झाली ती आदल्या संध्याकाळी.

धानाची कापणी चालू होती, दिवस लहान झाले होते. प्रणाली घाटावरून परत आली आणि दुकानापुढे गाडी लावून म्हणाली, "बाबा, सकाळी सेल्फ जोर लावून राह्यला. एकदम नाही उचलत."

मिस्त्रींनी झाकण काढलं. बॅटरीच्या टोकावर पांढरी भुकटी जमली होती आणि बोल्ट ढिला होता. गरम पाणी टाकून त्यांनी टोक धुतलं, घासलं, बोल्ट कसला, वर ग्रीस लावलं. बटण दाबल्याबरोबर गाडी चालू झाली. काम संपलं होतं. खरंच संपलं होतं.

पण मलाजखंडच्या खाणीवर ठेकेदाराकडे काम करणारे दोघे तिथे आपली गाडी घेऊन थांबले होते. त्यातला एक म्हणाला, "बस, इतना ही था?"

त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. पण मिस्त्रींची मान वर झाली.

"थांबा, दाखवतो."

गाडी चालूच होती. बोल्ट पुन्हा ढिला झाला. दोन बोटं, एक झटका. ठिणगी जरा मोठी उडाली आणि पुढचा दिवा क्षणभर डोळे दिपतील इतका पांढरा झाला. मिस्त्रींचं लक्ष दिव्याकडे नव्हतं, ते त्या ठेकेदाराच्या माणसाच्या तोंडाकडे पाहत होते. त्यांनी हॉर्न दाबला. हॉर्न असा वाजला की रस्त्यापलीकडचं कुत्रं उठून बसलं.

"पाह्यलं? चार्जिंग एकदम कडक."

तार जागेवर गेली, इंजिन बंद झालं. ठेकेदाराचा माणूस हसून "मान गये" म्हणाला. आणि प्रणालीच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी कधी विसरणार नाही. बापाचा अभिमान. तिने ओढणी बांधली, गाडीला सेल्फ मारला आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी लसीकरण होतं, म्हणजे तिला थोडा उशीर होणार हे ठरलेलंच. रोज संध्याकाळी ती दुकानावरून जाताना हॉर्न वाजवायची. मिस्त्री मान वर करत नसत. फक्त "आली" म्हणत आणि त्यानंतर त्यांचा हात जरा सैल पडायचा. हे त्यांना स्वतःला माहीत नसावं.

त्या संध्याकाळी मी लांजीहून येऊन तिथे चहा पीत होतो. सूर्य पंपाच्या छतामागे गेला. मिस्त्री एका गाडीची वायरिंग उलगडत होते. मधेच उठून रस्त्यावर जाऊन आले. परत बसले. पुन्हा उठले.

"धानाच्या ट्रॉल्या असतीन रस्त्यात," ते म्हणाले. मी काही विचारलं नव्हतं.

फोन लावला. लागत नव्हता. घाटात फोन लागत नाही, हे त्या रस्त्यावरच्या प्रत्येकाला ठाऊक आहे, तरी त्यांनी पुन्हा लावला. मग उपकेंद्रावरच्या मदतनीस बाईला लावला. फोन कानाशी धरून ते ऐकत राहिले आणि त्यांचा चेहरा माझ्यासमोर उतरत गेला.

"निघाली म्हने. कवाच निघाली."

पाने जमिनीवर तसेच टाकून त्यांनी शटर ओढलं. हत्यारं न आवरता दुकान बंद केलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

"भाऊ, तुमची गाडी काढा. मले चालवता नाही येनार आता."

मी गाडी काढली. ते मागे बसले आणि माझा खांदा त्यांनी असा धरला की दुसऱ्या दिवशी तो दुखत होता.

गावाबाहेर पडलं की थंडी एकदम अंगावर येते. गांगुलपाऱ्याच्या पुढे झाडं दोन्ही बाजूंनी जवळ येतात. त्या रस्त्यावर दिवस मावळल्यावर आमच्याकडचं कोणी कामाशिवाय थांबत नाही. जंगलात बरंच काही असतं आणि सगळंच चार पायांचं नसतं. हे मी मनात म्हणत होतो. मिस्त्री मात्र मागे बसून मोठ्याने गाडी तपासत होते. समोर गाडी नव्हती, तरी ते ती उघडत होते.

"पेट्रोल नाही. मीच भरलं व्हतं परवा. पंक्चरही नाही, टायर नवीन हायेत. झाली असती तरी हवा हळू हळू गेली असती, इथवर तं आली असती. चेन? चेन मी कसली."

समोरून एक ट्रॉली आली, धानाचे भारे दोन्हीकडे लोंबत होते. मी बाजूला घेतली.

"प्लग नाही. सेल्फचं काम तं कालच केलं. सेल्फ चांगला उचलत व्हता. बॅटरी चांगली. चार्जिंग मी सोता दाखवलं. हॉर्न वाजला. तुमी व्हते न तेथं? वाजला न?"

"वाजला," मी म्हणालो.

मग दोन वळणं गेली. खांद्यावरची पकड हळूहळू सैल झाली आणि मला वाटलं, यांना चक्कर येते की काय.

"भाऊ, गाडी थांबवा."

मी थांबवली. इंजिन बंद केल्याबरोबर रातकिड्यांचा आवाज कानात भरला. ते खाली उतरले नाहीत.

"मी चालू गाडीवर तार काढली," ते म्हणाले.

"मग?"

"दिवा पांढरा झाला व्हता न? मी नाही पाह्यला. मी त्या मानसाकडं पाहून राह्यलतो. तवाच जळला. रेग्युलेटर तवाच भाजला, हॉर्न वाजेपर्यंत टिकला आन मग गेला." रेग्युलेटर म्हणजे इंजिनातली वीज ताब्यात ठेवून बॅटरीला देणारा भाग. "तिनं आज दिसभर बॅटरीवरच गाडी चालवली. त्या गाडीचा दिवा बंद करता येत नाही. सकाळपासून दिवा बॅटरी खाऊन राह्यला. आता येताना पंप बंद पडला असंल. चढावर का उतारावर, कोठं बंद पडली काय माहीत. त्या टायवाल्या पोट्ट्यानं सांगतलं व्हतं. मी त्याची नक्कल केलती भाऊ."

मी गाडी सुरू केली. उजेड अजून थोडा शिल्लक होता, रस्ता दिसत होता, रस्त्याच्या कडा दिसत नव्हत्या.

घाटाच्या वरच्या वळणावर ती गाडी दिसली. साइड स्टँडवर, कडेला, नीट लावलेली. माणूस नव्हतं.

मिस्त्री माझी गाडी पुरती थांबायच्या आत उतरले. किल्ली गाडीला नव्हती. लसींचा निळा डबा नव्हता, तिची पर्स नव्हती. आरशाला ओढणीचा एक धागा अडकला होता, तो त्यांनी काढून मुठीत धरला.

"प्रणालीऽ" त्यांनी हाक मारली. आवाज दरीत गेला आणि काही परत आलं नाही. त्यांनी पुन्हा मारली. मग ते कडेच्या पायवाटेकडे निघाले.

"मिस्त्री, तिकडे नका जाऊ. ती रस्ता सोडणार नाही."

"तुमाले काय माहीत?"

"तुम्हीच शिकवलंय तिला."

ते थांबले. पण माझ्या बोलण्यावर माझाच विश्वास नव्हता. आम्ही बालाघाटकडून आलो होतो आणि ती वाटेत भेटली नव्हती, म्हणजे गेली असेल तर वरच्या अंगाला. किंवा कोणी नेली असेल. हा दुसरा विचार आमच्या दोघांच्याही मनात आला होता, कारण आम्ही एकमेकांकडे पाहणं टाळलं.

तेवढ्यात वरून एक सायकलवाला ब्रेक दाबत दाबत उतरला. हँडलला कुऱ्हाड आणि मागे लाकडं. मिस्त्री रस्त्याच्या मधोमध उभे राहिले.

"नर्सबाई? वो तो टोला में बैठी हैं," तो म्हणाला. "डब्बा लेके पैदल आयी थीं। आगे, दाहिने हाथ को।"

मिस्त्रींनी त्या माणसाचे दोन्ही हात धरले. तो बिचारा गोंधळला, त्याची सायकल उताराला सरकायला लागली.

टोला म्हणजे आठ-दहा घरं. एका अंगणात शेकोटी होती आणि प्रणाली खाटेवर बसून पळसाच्या पानावर काहीतरी खात होती. निळा डबा पायाशी. शेजारी एक बाई मांडीवर मूल घेऊन बसली होती. त्या मुलाला सकाळी प्रणालीनेच सुई टोचली होती, आणि ते तिच्याकडे अजून रागाने पाहत होतं.

मिस्त्री कुंपणापाशी थांबले. आत जाईनात.

"बाबा?" ती उठली. "तुमी कायले आले? मी सकाळी पहिल्या बसनं आली असती न. फोन नव्हता लागत, नाही तं सांगतलं असतं. गाडी एकदम बंद पडली बाबा, काहीच नाही, लाईटच नाही. मी धक्का मारला, तरी नाही. मग अंधार व्हायच्या आत डबा घेऊन इकडं आली."

"भेव वाटलं काय माय?"

"वाटलं थोडंसं." ती हसली. मग ती जे म्हणाली ते सहज म्हणाली, शेकोटीत काडी टाकावी तसं. "मी तं वर्कशॉपमधे दाखवनार व्हती गाडी, आमच्या मॅडम म्हनत व्हत्या. मग म्हटलं, बाबानं पाह्यलं न. मग आता कायले कोनाले दाखवाचं."

मिस्त्री कुंपणाचा बांबू धरून खाली बसले. साफ, धुतलेल्या पँटवर, मातीत.

"मीच बिघडवली माय तुही गाडी. चांगली व्हती. मी त्या मानसाले दाखवाले गेलो."

ती त्यांच्याकडे गेली, शेजारी बसली. आता मला वाटतं, तिथून मी बाजूला जायला हवं होतं, पण जाणार कुठे? मिस्त्री तिला सगळं सांगत होते. तार, ठिणगी, पांढरा दिवा, टायवाला. एखाद्या गिऱ्हाइकाला समजावून सांगावं तसं क्रमाने, काही न वगळता. तिने सगळं ऐकलं. मग त्यांच्या मुठीतला तो धागा पाहिला आणि मूठ आपल्या दोन्ही हातांत घेतली.

"मी सापडली न बाबा? उठा. जेवून घ्या थोडं. ही बाई केव्हाची म्हनून राह्यली."

आम्ही तिथे जेवलो. कोदो नावाच्या भरड धान्याचा भात होता. मिस्त्रींनी त्या बाईचं मन राखायला पानावरचं सगळं संपवलं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी काय केलं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, म्हणून सांगतो. गाडी पिकअपमधे घालून ते कंपनीच्या वर्कशॉपमधे गेले. तिथले अर्धे मेकॅनिक त्यांना ओळखत होते. समोरचा बॅटरीवालाही कसल्या तरी कामाला आला होता. काचेमागे बसलेल्या मुलीने विचारलं, प्रॉब्लम काय? मिस्त्री म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "चालू इंजन पर मैंने बैटरी का तार निकाला था। रेग्युलेटर जल गया है। देख लो।" कोणीतरी खुदकन हसलं. मिस्त्रींनी मान खाली घातली नाही. बॅटरीवाला मात्र जमिनीकडे पाहत होता. इतक्या वर्षांत त्या माणसाबद्दल मला पहिल्यांदाच बरं वाटलं.

रेग्युलेटरच जळला होता. नवीन बसवला.

त्यानंतर मिस्त्रींनी तार काढणं सोडलं. जुन्या गाड्यांवरसुद्धा. एक मीटर आणला, त्याचे दोन काटे बॅटरीला लावायचे आणि आकडा वाचायचा. लोकांना ते आवडलं नाही. "मिस्त्री, वो तार वाला करके दिखाओ ना," म्हणत. ते नाही म्हणत, कारण सांगत नसत. काहींना वाटलं म्हातारा घाबरला, आणि ती गिऱ्हाइकं गेली. मला स्वतःला त्या मीटरच्या आकड्यांपुढे चहा बेचव लागायला लागला, हे खोटं कशाला सांगू?

आणि दुकान सकाळी उशिरा उघडू लागलं.

त्याचं कारण मला घाटात कळलं. बैहरच्या फेरीला लवकर निघालो होतो. पुढे प्रणालीची गाडी आणि तिच्या बरंच मागे, झाडांच्या आडून आडून, मिस्त्री आपल्या जुन्या गाडीवर. चढावर ती गाडी धापा टाकत होती. ते त्या वरच्या वळणापर्यंत गेले, इंजिन बंद करून प्रणालीच्या गाडीचा आवाज पार विरेपर्यंत ऐकत थांबले आणि मग वळले. मला पाहून ओशाळले.

"तिले नोका सांगू भाऊ. तिले वाटंल बाप येडा झाला."

मी कबूल केलं. पुढच्याच आठवड्यात प्रणाली माझ्या बायकोला भेटायला घरी आली आणि जाताना दारात मला म्हणाली, "काका, बाबा माह्या मागं मागं येतेत हे मले माहीत हाय. तुमी त्यायले नोका सांगू."

तेव्हापासून दोघांची गुपितं पोटात घेऊन मी त्या घाटातून जात-येत होतो. औषधं विकण्यापेक्षा ते काम कठीण होतं, पण मला ते फार आवडत होतं.

पुढच्या उन्हाळ्यात मिस्त्री गेले. दुपारी दुकानातच, खुर्चीवर बसल्या बसल्या. डॉक्टरांनी हृदय म्हणून सांगितलं. बॅटरीवाल्याने त्या दिवशी दुकान उघडलं नाही आणि तिरडीला पुढून खांदा दिला.

तेरवी झाली आणि प्रणाली कामावर जायला लागली. मी नेमका त्याच सकाळी बैहरला निघालो होतो. वरच्या वळणावर तिची गाडी कडेला उभी दिसली. मी जवळ जाऊन थांबलो. ती गाडीवरच बसून होती, मागे वळून उताराकडे पाहत.

"काय झालं? बंद पडली?"

"नाही काका. चालू हाय," ती म्हणाली. खरंच इंजिन चालू होतं. "बाबाची गाडी चढावर मागं राहते न, म्हनून मी इथं थांबते थोडी."

ती काय बोलली ते तिच्या लक्षात आलं नाही. किंवा आलं असेल. तिने ओढणी नीट केली, गाडी गिअरमधे टाकली आणि निघाली. मलाही त्याच रस्त्याने जायचं होतं. पण मी इंजिन बंद केलं आणि तिच्या गाडीचा आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत तिथेच थांबलो.